मुक्कामाची खोली

गोरक्षनाथ शिंप्याचा आवाज देवळाच्या भोंग्यातून बरोबर बाराला आला. विजयमालाने रोजच्यासारखा त्याला अर्धाच कान दिला, कारण दोन्ही हात पिठात होते आणि चुलीवर तवा तापला होता. बाहेर ओट्यावर आज घर भरलेलं होतं. धाकटा दीर अमृत नागापूरहून सकाळीच मोटारसायकलवर आला होता. सासऱ्यांची बहीण लंकाबाई सोनईहून एसटी बदलत बदलत आली होती, ती फक्त आपलं नाव मोबाईलवर दिसतं का ते बघायला. पाचशे एक रुपये दिले होते तिने, आणि ते दिल्यापासून मनवाला रोज फोन करून ते अजून तिथेच आहेत ना, याची खात्री करून घेत होती.

"कानिफनाथ बाबुराव शिरसाठ, हल्ली मुक्काम भोसरी, एक हजार एक," भोंगा म्हणाला. "कुमारी मोनिका आबासाहेब गर्जे, हल्ली मुक्काम हडपसर, पाचशे."

हे सगळं विजयमालाच्या लेकीचं, मनवाचं काम. गावांनी आपलं काम मांडायचं आणि ज्याला पटेल त्याने मोबाईलवरून पैसे द्यायचे, असं एक ठिकाण तिने शोधून काढलं होतं. गावात त्याला कुणी नावाने ओळखत नव्हतं, सगळे म्हणायचे 'मनवाचं पान'. बोरदऱ्याची मागणी साधी होती. मुक्कामी एसटी परत सुरू व्हावी, आणि त्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला एक खोली, नळ आणि संडास बांधायचा. गावात खोली नाही म्हणून गाडी रात्रीची थांबत नाही, गाडी थांबत नाही म्हणून पहाटे सहाची निघत नाही, आणि सहाची निघत नाही म्हणून बोरदऱ्याच्या पोरींचं शिक्षण दहावीला संपतं. मनवाने हे तीन ओळींत लिहिलं होतं. पानाची अट मात्र कडक होती. चाळीस दिवसांत पावणेपाच लाख पुरे झाले तरच ते मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत. चाळिसावा दिवस आजचा, मुदत संध्याकाळी सहाची, आणि सकाळपर्यंत एकसष्ट हजार कमी होते.

देणाऱ्याने नाव झाकायचं ठरवलं तर तशीही सोय पानावर होती. बोरदऱ्यात ती कुणी वापरली नाही. भोंग्यावरून नाव पुकारलं नाही तर ते देणं कसलं? जत्रेची वर्गणी आजवर अशीच पुकारली गेली होती, मग मोबाईलवरची कशी सुटेल? म्हणून गोरक्षनाथ शिलाईचं यंत्र बंद करून दिवसातून तीनदा देवळात जायचा आणि मनवाचं पान अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचा.

भोंगा मध्येच थांबला. खाकरल्याचा आवाज आला, मग नुसतीच खरखर. विजयमालाला वाटलं, लाईट गेली.

"राजेश्वरी शांतवन पाटोळे," गोरक्षनाथ म्हणाला. पुन्हा थांबला. "मुक्काम बोरदरा. एक्कावन्न हजार."

एरवी तो 'आभारी आहोत' म्हणून बंद करायचा. आज तसाच खट्कन बंद झाला.

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तेव्हा विजयमालाला कळलं की आपण चुलीपुढून उठून उभ्या आहोत. सत्तावीस वर्षं या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आणि आज ते बोरदऱ्याच्या प्रत्येक घरात, गोठ्यात आणि पिठाच्या गिरणीवर एकदमच ऐकू गेलं होतं. तिने करपलेली भाकरी तव्यावरून ओढून काढली.

राजी तिची नणंद, पण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती नणंद कधी वाटलीच नाही. स्टँडाजवळ सासऱ्यांची, म्हणजे काकासाहेबांची, एक दगडी खोली होती, आणि मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथे झोपायचे. त्यांचं जेवण या घरातून जायचं, काकासाहेबांचा तसा शब्दच होता आगाराला. डबा घेऊन दोघी बरोबर जायच्या. श्रीरामपूरकडचा एक कंडक्टर, शांतवन पाटोळे, फार कमी बोलायचा. रिकाम्या वेळी तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर पंच वाजवत बसायचा, दोनदा भरभर आणि एकदा सावकाश. एके दिवशी भाकऱ्या भाजता भाजता राजीने चिमटा परातीवर तसाच वाजवला, दोनदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि विजयमालाला सगळं कळलं. दोघी एकमेकींकडे बघून लाजल्या होत्या, जणू दोघींनीच काही केलं होतं.

मग एका पहाटे राजी सहाच्या गाडीने शिवणक्लासला म्हणून गेली ती गेलीच. श्रीरामपुरात लग्न झालं, पाटोळे ख्रिस्ती, एवढं आठ दिवसांनी गावाला कळलं. काकासाहेबांनी दगडी खोलीला कुलूप घातलं. दुसरी खोली कुणी दिली नाही, महिनाभराने गाडीचा मुक्काम बंद झाला. पुढे दगडी खोली पडली, पण नंतर त्या जागेत त्यांनी ना कुणाला जनावर बांधू दिलं ना कडबा रचू दिला. आणि दोन महिन्यांपूर्वी, मनवाने भीत भीत जागेचं विचारलं, तेव्हा ऐंशीला टेकलेल्या त्या माणसाने एक शब्द न बोलता संमतीपत्रावर सही केली होती. का केली, ते घरात कुणाला विचारवलं नाही.

विजयमाला दाराशी येऊन उभी राहिली. अमृतचा चेहरा लाल झाला होता. काकासाहेबांची खुर्ची रिकामी होती. नाव पुकारल्या पुकारल्या ते काठी घेऊन स्टँडाकडे गेले, असं हनुमंताने, तिच्या नवऱ्याने, हळूच सांगितलं.

"मनवा, ते पैसे परत कर," अमृत म्हणाला.

मनवाने सांगितलं की परत करता येतात, एक बटन दाबलं की झालं. पण ते परत केले तर पुन्हा एकसष्ट हजार कमी. सहापर्यंत ते कुठून येणार? आणि नाही आले तर सगळ्यांचेच परत जातील.

"सगळ्यांचे म्हंजी?" लंकाबाईने विचारलं.

"सगळ्यांचे, आत्याआजी. तुमचे पाचशे एकपण."

इतका वेळ लंकाबाई 'त्या पोरीनं घराला काळं फासलं' असं सुरू करण्याच्या बेतात होती. ते सोडून ती म्हणाली, पैशाला काय नाव असतं, घ्यावेत की. अमृत तिच्यावर उसळला. तो बोलू लागला तेव्हा मात्र त्याला अडवायचं धाडस कुणालाच झालं नाही, कारण तो खोटं काही बोलत नव्हता. राजी गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वर्गातली पोरं पाठीमागून कंडक्टरच्या घंटीसारखा आवाज काढायची. पुढे स्थळं यायची, चहा प्यायची, बहिणीचं विचारायची आणि परत जायची. बत्तिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. आई गेली तेव्हाही राजी आली नाही, असं तो म्हणाला. तिला कुणी कळवलंच नव्हतं, हे विजयमालाच्या ओठांवर आलं होतं.

"आन् मुक्काम बोरदरा लिवती," अमृत म्हणाला. "कोन्च्या तोंडानं?"

विजयमालाला नेमकं तेच चार अक्षरी गाव काळजात घुसलं होतं. गावाचं नाव लिहायच्या चौकटीत बाकी सगळ्यांनी भोसरी लिहिलं होतं, हडपसर लिहिलं होतं. गावात कायम राहणाऱ्यांपैकी कुणी तर गावाचं नाव लिहायचे कष्टही घेतले नव्हते. आणि सत्तावीस वर्षं श्रीरामपुरात संसार केलेल्या बाईने तिथे बोरदरा लिहिलं. नावाखाली तिने एक ओळही लिहिली होती, ती मनवाने आईला मोबाईल पुढे करून दाखवली. 'सहाची गाडी सुरू होईल त्या दिवशी कुणीतरी कळवा.' कुणीतरी. विजयमालाने तो शब्द दोनदा वाचला आणि पदराने डोळे पुसले.

हनुमंताचं मत कुणी विचारलं नाही, कारण ते ठरलेलंच असायचं. तरीही त्याने सांगितलं, दादा म्हणतील तसं.

पोरांचे दादा, काकासाहेब, दोनच्या सुमाराला परत आले. चपलांना त्या पडक्या जागेतली पांढरी माती लागली होती. खुर्चीत बसले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि मनवाला म्हणाले, "परत धाडता येत्यात म्हनं."

"येतात, आजोबा. पण..."

"मंग धाड."

अमृतने मान वर केली. इतक्या वर्षांत बाप पहिल्यांदाच आपल्या बाजूने बोलला, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मनवा रडवेली झाली. विजयमालाने चौकट घट्ट धरली. झालं, तिला वाटलं. इतक्या वर्षांनी दार वाजलं आणि आपण आतून कडी घातली.

"लेकीचं घेत न्हाईत," काकासाहेब म्हणाले. "आपल्यात लेकीच्या घरचं पानी पीत न्हाईत. तिच्याकडनं खोली बांधून घ्यायची?"

म्हाताऱ्याने काय म्हटलं ते त्याचं त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण बाकी सगळ्यांना कळलं होतं. अमृत खाली बघू लागला. ज्या मुलीचं नाव टाकलं म्हणून गावाची गाडी बंद झाली, तिचे पैसे राग म्हणून नव्हे, ती लेक म्हणून परत चालले होते.

विजयमाला उभ्या आयुष्यात सासऱ्यांसमोर ओट्यावर आली नव्हती असं नाही, पण सगळे बसलेले असताना मध्ये बोलायला कधी आली नव्हती. पदर सारखा करून ती उंबऱ्याबाहेर आली.

"मामा, घेता येतं," ती म्हणाली. "भैरोबाची घंटा कोनी दिली? छबूबाईनं. ती बी गावची लेकच की. तवा पंचांनी नको म्हटलं, आन् तुमीच मार्ग काढला. लेकीचं घ्यायचं आसंल तर साडीचोळी करून घ्यावं. घेतली का न्हाई घंटा?"

काकासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. "साडीचोळी हातात द्यावी लागती, सूनबाई. धाडत न्हाईत."

"मंग बोलवा."

"ती गेली तवा कुनाला इचारून गेली?"

"मला," विजयमाला म्हणाली.

हनुमंत अर्धवट उठला आणि परत बसला. पण तिला आता थांबता येत नव्हतं. त्या पहाटे ती चुलीपाशी होती आणि राजी मागे येऊन उभी राहिली होती. जाऊ नको, असं एकदाही आपण म्हणालो नाही, तिने सांगितलं. डब्यात चार भाकरी घातल्या, दोन माणसांच्या, वर शेंगदाण्याची चटणी. डबा फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. डबा परत आणून द्यायला येईन, असं राजी म्हणाली होती, आणि त्या पितळी डब्याची जागा आपण अजून फळीवर रिकामी ठेवली आहे. नवरा आता काय म्हणेल, दीर काय म्हणेल, याची भीती सत्तावीस वर्षं बाळगली होती, ती ऐन वेळी कुठे गेली ते तिला कळलं नाही.

"ठावं हाय मला," काकासाहेब म्हणाले.

तिने डोळे वर केले.

"त्याच दिवशी ध्यानात आलं. फळीवर डबा न्हवता." त्यांनी काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. "म्हटलं, आज ना उद्या तू सांगशील. तू सांगितलंस का मी इचारनार हुतो, कशी हाय ती. बरी हाय का. तू बोललीच न्हाईस."

"मला बी म्हाईत न्हाई, मामा," विजयमाला म्हणाली. "एक चिट्ठी न्हाई आली. मला वाटलं, तुमाला ऐकू बी नगं."

एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं जेवून दोघांनी एकाच पोरीची वाट पाहिली होती, आणि दोघांनीही दुसऱ्याच्या धाकाने. विजयमालाला रडूही येईना. इतकी वर्षं रोज दोन वेळा या माणसाच्या पुढ्यात ताट ठेवलं, आणि एकदा, फक्त एकदा, बोललो असतो तर. तिला राजीपेक्षाही त्या क्षणी त्या वाया गेलेल्या जेवणांचं वाईट वाटलं.

काकासाहेब उठले. बटन दाबू नको, असं त्यांनी मनवाला सांगितलं आणि काठी टेकत देवळाच्या दिशेने गेले. हनुमंत बरोबर निघाला तर त्याला हाताने मागे ठेवलं.

त्यानंतरची दुपार फार सावकाश गेली. राजीचे धरूनही दहा हजार कमी होते. मनवा मिनिटामिनिटाला पान उघडायची. तीनला पाचशे आले, चारला एक हजार, मग अर्धा तास काहीच नाही. लंकाबाईने आणखी एकशे एक दिले आणि ते वेगळे पुकारले जातील का ते विचारून घेतलं. हनुमंत गावात फिरून आला, चार जणांनी तिथल्या तिथे मोबाईल काढले. पाच वाजून गेले तेव्हा साडेचार हजारांवर काम अडलं होतं. अमृत केव्हाचा मोटारसायकलजवळ उभा होता, निघतो निघतो म्हणत होता पण किक मारत नव्हता. विजयमाला त्याला चहा द्यायला गेली तेव्हा तो मोबाईलमध्ये तोंड खुपसून होता.

"वहिनी," तो न बघताच म्हणाला, "मला तरी सांगायचंत. मी काय तिला मारनार हुतो?"

तिने कप त्याच्या हातात दिला. तेवढ्यात ओट्यावरून मनवाचा आवाज आला, पुरे झाले म्हणून, आणि शेवटचे कुणाचे ते वाचून तिने वळून मोटारसायकलकडे पाहिलं. अमृत चहा पीत राहिला.

सहा वाजता भोंगा लागला. आधी काकासाहेबांच्या खोकल्याचा आवाज आला, म्हणजे ते गोरक्षनाथाच्या शेजारीच बसलेले होते. मग गोरक्षनाथाने घसा साफ केला.

"दुपारी पुकारन्यात चूक झाली हुती, ती दुरुस्त करून वाचतो," तो म्हणाला. "बोरदऱ्याची लेक, राजेश्वरी शांतवन पाटोळे, एक्कावन्न हजार. लेकीची साडीचोळी काकासाहेब शिरसाठ यांच्या घरी हुईल. गावानं यावं. अमृत काकासाहेब शिरसाठ, हल्ली मुक्काम नागापूर, चार हजार पाचशे. काम पुरं झालं. आभारी आहोत."

लंकाबाईने लगेच साडीचा विषय काढला. इरकल घ्यावी, पाथर्डीतच चांगली मिळते, रंग गोऱ्या अंगाला खुलेल असा घ्यावा. गोरी आहे का अजून ती? केस पिकले असतील का? जाड झाली असेल का? विचारता विचारता तिचंच बोलणं मंदावलं. चोळी कुठल्या मापाची शिवायची, हे घरात एकालाही माहीत नव्हतं. विजयमालाला तिचं माप ठाऊक होतं, अगदी तोंडपाठ, पण ते विसाव्या वर्षीचं होतं. त्या मापाच्या पोरीला आता शोधायला गेलं तरी ती कुठे सापडणार नव्हती.

मनवा म्हणाली, प्रत्येक देणाऱ्याच्या नावाखाली दोन शब्द लिहायचे असतात. राजेश्वरीआत्याला काय लिहू?

विजयमालाच्या मनात इतकं होतं की त्याची सुरुवात सापडेना. सासूबाई गेल्या ते लिहायचं होतं. चिमटा अजून कधी कधी परातीवर आपोआप तसा वाजतो ते लिहायचं होतं. तू एकटीच गेलीस आणि मी इथे राहिले, तेही लिहायचं होतं.

"लिही," ती म्हणाली. "चोळीचं माप कळव."

मनवाने तेवढंच लिहिलं आणि खाली 'विजयमाला' असं नाव घातलं.

काकासाहेब परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून असायची, ती त्यांनी काठीने सरकवून रस्त्याकडे वळवली. ते नीट बसतात न बसतात तोच मनवाचा मोबाईल वाजला. तिने वाचलं, मग काही न बोलता तो आईच्या हातात दिला. विजयमालाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी अक्षरं दिसली. तिने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण आता या घरात काही मनातल्या मनात वाचायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"माप येऊन देते. डबा आणते. वहिनी, दादा आहेत का?"

काकासाहेबांनी कानामागे हात धरला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी मनवाला विचारलं, खोली कधी उभी राहणार. मनवा म्हणाली, काम लगेच धरलं तर दिवाळीपर्यंत, त्यानंतर आगाराची माणसं बघायला येतील, मग गाडी.

"तवर कोन थांबतंय," म्हातारा म्हणाला. "तिला लिही. दादा हाय म्हनावं. दहाची गाडी हाय, तिनं ये."